समितीसमोर रूथ पडली नाही

नंदुरबारच्या सरकारी कचेरीत ‘कामिनी पाटील’ म्हणून चौकशी केलीत तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ‘निवेदनवाल्या ताई’ म्हणालात की लगेच ओळख पटेल. वर्षानुवर्षं ही बाई महिन्या-दोन महिन्यांनी एक कागद घेऊन तिथं जाते. दारातला शिपाई छगन तिला येताना लांबूनच बघतो आणि हसतो. “ऊन्यात का ताई? आज बी निवेदनच शे का?” मग तो तिला बाकावर बसवतो, चहा मागवतो, कागदाच्या प्रतीवर शिक्का मारून आणतो. त्या कचेरीत कामिनीला जितका चहा मिळाला त्याच्या निम्मी उत्तरं मिळाली असती, तर मला हे सगळं सांगत बसावं लागलं नसतं.

कामिनी कोरीटची. गुजर घरातली मुलगी, वडील रतिलाल यांची कापूस-केळीची शेती. विशेष शिक्षिका व्हायचं असं तिनं लहानपणी ठरवलं होतं वगैरे काही नाही. बारावीनंतर एक मैत्रीण जळगावला मूकबधिर मुलांना शिकवण्याच्या कोर्सला निघाली, हिलाही घराबाहेर पडायचं होतं, म्हणून ही पण निघाली. मैत्रिणीचं मध्येच लग्न जमलं आणि ती गेली. कामिनी राहिली, कारण तोवर तिला खुणांच्या भाषेची गोडी लागली होती. तोंड बंद ठेवून माणसाला इतकं बोलता येतं याचं तिला नवल वाटायचं. घरी तर तिच्या तोंडाला कधी खळ नसायचा.

मग नवापूर तालुक्यात कंत्राटी नोकरी लागली. पदाचं नाव ‘फिरती विशेष शिक्षिका’, आणि नावाप्रमाणे फिरणंच जास्त. डोंगरातल्या पाड्यांवर जी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, जी येतात त्यांच्या शाळेत जायचं. पहिल्याच आठवड्यात कामिनीच्या लक्षात आलं की आपली फसगत झाली आहे. तिला शिकवलं होतं ऐकू न येणाऱ्या मुलांबद्दल. समोर आली ती सगळ्या तऱ्हेची मुलं. कुणाला दिसत नव्हतं, कुणाचे हातपाय आखडलेले, कुणी डोळ्याला डोळा देत नव्हतं, कुणाला घास गिळता येत नव्हता. आया तिच्याकडे आशेनं बघायच्या आणि ती गाणी म्हणून, चित्रं दाखवून वेळ मारून न्यायची. खोलीवर आल्यावर तिला स्वतःची लाज वाटायची.

तिचं पहिलं निवेदन त्या लाजेतून आलं. ‘डोळ्याच्या डॉक्टरला तुम्ही बाळंतपण करायला बसवता का?’ असं तिनं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी ते वाक्य खोडायला लावलं. मग निवेदनं सभ्य होत गेली. विशेष शिक्षकांचं शिक्षण सगळ्या प्रकारच्या मुलांचं असावं. ते वसतिगृहाच्या वर्गात नको, घराघरांत जाऊन व्हावं. डोंगरातल्या मुलांना डोंगरातली बोली येणारे शिक्षक तयार करावेत. पदं भरावीत. मागण्या रास्त होत्या, म्हणूनच त्यांच्यावर कुणी भांडलंही नाही. ‘विचाराधीन’ हा शब्द कामिनीला आपल्या नावापेक्षा जास्त ओळखीचा झाला.

रविवारी ती कोरीटला जायची. आई प्रमिलाबाई भाकरी वाढता वाढता सुनवायची, “दुसरास्ना पोरंस्नासाठे भांडस, सोतानासाठे कव्हय भांडशी? अजून कंत्राटवरच शे ना तू?” कामिनी म्हणायची, दोन्ही एकच आहे. आईला ते पटायचं नाही. खरं तर कामिनीलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

आणि मग तिला रूथ भेटली.

गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरफळी नावाच्या वस्तीत रूपीबाई आणि पौलस गावित राहतात. थोडी भातशेती, बाकी मजुरी. दारावर चुन्यानं काढलेला क्रूस, अंगणात आंब्याखाली खाट. रूथ त्यांची एकुलती एक. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कामिनी पहिल्यांदा गेली तेव्हा ती कुडाची भिंत धरून उभी होती आणि हिच्याकडे टकामका बघत होती. पुढच्या वेळेला ती कामिनीची नक्कल करून दाखवत होती. हेल्मेट काढायचं, केस सावरायचे, धापा टाकत चढ चढायचा. पौलस हसून हसून खोकायला लागला.

हे सोपं होतं, हे कामिनीचं स्वतःचं क्षेत्र होतं. रूथनं खुणा पाण्यासारख्या उचलल्या. रूपीबाई शेजारी बसून शिकली. घरात ती मावची बोलीत बोलायची, कामिनीशी बाजारात शिकलेल्या मराठीत. कामिनीला ती ‘बाई’ म्हणायची आणि ‘तू’च म्हणायची. वर्षभरात त्या घरात हातांची भांडणं सुरू झाली. रूथ चुलीजवळून आईला काहीतरी उलट बोलायची, आई उलथनं उगारायची. कामिनीला आयुष्यात इतका आनंद कुठल्याच गोष्टीचा झाला नव्हता, अगदी नोकरी लागली तेव्हाही नाही.

मग रूथ संध्याकाळी अडखळायला लागली. आधी वाटलं, पोर धांदरट आहे. मग बाजूला ठेवलेली पाटी तिला दिसेना, समोर धरली तरच दिसायची. कामिनीनं सुट्टी टाकून तिला आणि रूपीबाईला सुरतेला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं उगाच गोळ्या दिल्या नाहीत. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चाललाय, म्हणाला. याला इलाज नाही. कडेनं अंधारत अंधारत एक दिवस सगळंच जाईल, कधी ते सांगता येत नाही. येताना गाडीत रूथ खिडकीशी बसली होती आणि दिसेल त्या म्हशीची खूण करून दाखवत होती.

त्या दिवसापासून कामिनीच्या सगळ्या मागण्या एका जागी गोळा झाल्या. ज्या मुलाला ऐकू येत नाही आणि दिसणंही चाललंय, त्याच्याशी हातात हात घेऊन बोलावं लागतं. खुणा डोळ्यांनी नाही, तळव्यांनी वाचायच्या. हे शिकवणारे शिक्षक असतात, त्यांचं वेगळं शिक्षण असतं, पण जिल्ह्यात असा एकही शिक्षक नव्हता. आणि हे डोळे शिल्लक असतानाच सुरू करावं लागतं. डोळ्याला माहीत असलेली खूण हाताला ओळखू यायला वेळ लागतो. डोळे गेल्यावर सुरू केलं तर मूल अंधारात एकटंच सापडतं. कामिनीनं लिहिलं, असा एक शिक्षक जिल्ह्याला द्या. नाहीतर मला शिकायला पाठवा, माझं कंत्राट न मोडता. उत्तर आलं की कंत्राटी कर्मचाऱ्यांना शिक्षणासाठी रजेची तरतूद नाही. कंत्राट मोडून जावं तर तालुक्यातल्या बाकी मुलांकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं तोही विचार कितीदा केला आणि सोडला.

अशात एका दुपारी दिलवरसिंगचा फोन आला. दिलवरसिंग शहाद्याकडचा विशेष शिक्षक, त्यांच्या संघटनेचा पुढारी, बोलणं ढोल वाजवल्यासारखं. “ताई, समिती यी ऱ्हायनी! तुमना निवेदननं नशीब उघडनं!” विशेष शिक्षक कसे तयार करावेत, कुठली पदं लागतील, हे ठरवायला एक अभ्यास समिती जिल्हे बघत फिरत होती. नंदुरबारात ती एक दिवस येणार होती आणि एखाद्या मुलाच्या घरी जाणार होती. कामिनीनं हट्टानं डोंगरफळीचं नाव घातलं. जे आहे ते त्यांना डोळ्यांनी दिसू दे, मग कागदाची गरजच नाही, असं तिला वाटलं.

ती रूपीबाईकडे गेली आणि समजावून सांगितलं. मोठी माणसं येणार आहेत, रूथला बघायला. त्यांनी नीट बघितलं तर रूथला शिकवणारी वेगळी बाई मिळेल. “जे आहे ते दाखवायचं बरं का. काही लपवायचं नाही.” रूपीबाईनं मान हलवली. तिला सगळं कळलं होतं, असं कामिनीला वाटलं. रूपीबाईलाही तसंच वाटलं असणार.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या जिल्ह्यात तापीकाठच्या गुजराच्या घरी जा नाहीतर नवापूरच्या डोंगरात जा, पाहुणा आला की घराचं रूप पालटतं. घरात काय नाही ते पाहुण्याला कळता कामा नये. कामिनीला बघायला पहिल्यांदा लोक आले होते तेव्हा प्रमिलाबाईनं तीन घरांतून कपबश्या आणल्या होत्या, आणि त्या आपल्याच आहेत अशा थाटात त्यातून चहा पाजला होता. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. पाहुण्याचा तो मान असतो. आपल्या घरी येऊन त्याला वाईट वाटू नये, एवढाच त्यातला अर्थ. हे कामिनीला दुधाबरोबर पाजलेलं होतं, आणि तरी रूपीबाईला सांगताना तिला ते आठवलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

समिती भर दुपारी आली. ठरली होती संध्याकाळ. त्या वेळेला रूथला जवळजवळ काहीच दिसायचं नाही, आणि कामिनीनं मुद्दामच ती वेळ मागितली होती. पण साहेबलोकांना रात्रीच्या आत सुरतेला पोचायचं होतं. जीप फळीच्या, म्हणजे वस्तीच्या, खाली थांबली. पुढं पुण्याच्या मॅडम, मागं दोन साहेब, त्यांच्यामागं कामिनी आणि दिलवरसिंग. वर येऊन बघतात तो अंगण ओळखू येईना. शेणानं सारवलेलं, रांगोळी, आंब्याला पताका. कोंबड्या, शेळी, जातं, लाकडांचा ढीग, सगळं कुठंतरी मागं गेलं होतं. खाटेवर नवी कोरी चादर होती. पौलसनं लग्नातला शर्ट घातला होता आणि अख्खी फळी कडेनं उभी होती.

आणि घराच्या दारापासून खाटेपर्यंत गोणपाटाची लांब पट्टी अंथरली होती. भाताची पोती उसवून, एकाला एक जोडून, दोन्ही कडांना जाड शिवण घातलेली. मॅडम म्हणाल्या, “अरे वा, किती छान स्वागत!” आणि वाकून चप्पल काढली. कामिनीलाही आधी तेच वाटलं.

पाहुणे खाटेवर बसले. रूपीबाईनं दारातूनच मागं हात करून रूथच्या खांद्यावर थाप मारली. रूथ बाहेर आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात तांब्या आणि त्यावर पेला. गोणपाटावर तिची अनवाणी पावलं अशी पडत होती की जराही चूक नाही. कडेची शिवण लागली की पाऊल आत, पुन्हा कडेला, पुन्हा आत. पट्टी संपली तिथं ती थांबली, पेला भरला, हसली आणि बरोबर मॅडमच्या दिशेनं पुढं केला. एक थेंब सांडला नाही.

रूपीबाईनं काय केलं होतं ते कामिनीला त्या क्षणी सगळं कळलं. किती दिवस ही मायलेकींची जोडी घर ते खाट, घर ते खाट चालत असणार. रूपीबाईनं आपल्या मुलीसाठी वाट शिवली होती, आणि पाहुण्यांसमोर पोर पडू नये, घराचं उणं दिसू नये, म्हणून जीव ओतून ती तिच्या पायांना शिकवली होती.

मॅडमनी पाणी घेतलं आणि कामिनीकडे वळून विचारलं, “हिचे डोळे जातायत म्हणाला होतात ना तुम्ही?”

सगळे कामिनीकडे बघायला लागले. करण्यासारखं एवढंसंच होतं. गोणपाट पायानं जरासा सरकवायचा आणि रूथला आत जा म्हणून सांगायचं. रूथ चार पावलांत अडखळून पडली असती, सगळ्यांना दिसलं असतं. कामिनीचा पाय खरोखर हललासुद्धा. मग तिनं दारात बघितलं. रूपीबाई तिथं उभी होती, कुणाचीतरी मागून आणलेली साडी नेसलेली, आणि तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. तिच्याच अंगणात, तिच्याच पाहुण्यांसमोर, तिची मुलगी पाडायची? कामिनीच्यानं ते होईना. “थोडं दिसतं मॅडम,” ती म्हणाली, “पण जातंय.” हे वाक्य तिला स्वतःलाच पोकळ ऐकू आलं.

“पण किती सुंदर तयार केलंय तुम्ही तिला,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. बाई वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचंय. वाईट असत्या तर कामिनीला राग तरी काढता आला असता. त्यांनी रूथला जवळ घेऊन फोटो काढला. कोंबडीचं कालवण, तांदळाची भाकरी खाल्ली. निघताना रूपीबाईनं त्यांच्या पदरात सीताफळं घातली.

जीपमध्ये कामिनीनं धीर केला. म्हणाली, मॅडम, ती बघून चालत नव्हती. ते गोणपाट तिच्यासाठी होतं, आईनं तिला पाठ करून घेतलं होतं. मॅडम ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “मग तर त्या आईचं आणखीच कौतुक! बघा ना, कुठलं प्रशिक्षण नाही, काही नाही, आणि एवढा उत्तम स्थानिक उपाय!” मागच्या साहेबांनी हे टिपून घेतलं. कामिनी सांगत राहिली की पाय खाटेपर्यंत पोचवता येतील, पण बोलणं कसं पोचवायचं, उद्या तिला कुणाचाच हात दिसणार नाही. तोवर मोबाइलला रेंज आली होती आणि सगळ्यांचे फोन वाजायला लागले.

त्यानंतर रूथला असं तयार केल्याबद्दल नंदुरबारला कामिनीचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. तिनं ती शाल घेतली, काय करणार? प्रमिलाबाई म्हणाली, “बरं व्हयनं माय, शाल तरी भेटनी.” कामिनी त्या रात्री जेवली नाही.

अहवाल आला तो दिलवरसिंगनंच फोनवर वाचून दाखवला. “ताई, तुमन्या रूथनंच उदाहरन दियेल शे,” एवढं तो बोलला आणि पुढचं सरकारी मराठीत वाचलं. पालक आणि कार्यरत शिक्षक यांच्या समन्वयातून स्थानिक पातळीवरच उत्तम पर्याय उभे राहत असल्याने, स्वतंत्र प्रशिक्षणाची व पदाची तूर्त आवश्यकता दिसून येत नाही. कार्यरत शिक्षकांसाठी मोबाइलवर बघण्याचे व्हिडिओ पुरेसे ठरतील. कामिनीनं त्याला तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “बरं.” आता मागायचं म्हटलं तर कुठल्याही टेबलावर हेच वाक्य तिच्यापुढं येणार होतं, आणि त्यात रूथचं नाव असणार होतं. इतकी वर्षं मागत राहून शेवटी आपणच आपला दरवाजा लावून घेतला, असं तिला वाटलं, आणि ते फारसं चूकही नव्हतं.

व्हिडिओ आले. कामिनीनं ते पुन्हा पुन्हा बघितले. त्यात एक हसऱ्या चेहऱ्याची बाई मुलाचे हात हातात घेऊन सावकाश खुणा करायची आणि मुलाला सगळं समजायचं. कामिनी रूथचे हात हातात घ्यायची तर रूथ ते सोडवून घ्यायची. कुणी आपल्याला धरून ठेवलंय एवढंच तिला वाटायचं. हात धरायचा की धरू द्यायचा, आधी काय, मग काय, किती वेळ, हे सांगणारं कुणी नव्हतं. मडक्यावर हात ठेवला की पाणी, गालावर ठेवला की आई, अशा चार-सहा खुणा कशाबशा हाताला कळल्या. पाऊस पडून गेला, भात कापायला आलं. तोवर रूथचं दुपारचं दिसणंही जवळजवळ संपलं होतं. आधी ती सगळ्यांशी बोलायची. मग तिच्या लक्षात आलं असावं की आपण बोलतो त्याला उत्तर येत नाही. उत्तरं येत होती, तिच्या तोंडासमोरच हात हलत होते, पण ते तिला दिसत नव्हते. तिचे हात हळूहळू मांडीवर बसून राहायला लागले. सगळ्यांच्या नकला करणारी ती पोर आता खांबाला टेकून बसते. कामिनी तिथून निघाली की फळीच्या उतारावर गाडी थांबवून ती रडून घेते, मग पुढच्या घरी जाते.

परवा ती गेली तेव्हा अंगणात भात वाळत घातलं होतं. ऊन कडक होतं. रूपीबाई सुपानं भात पाखडत होती आणि रूथ तिच्या पाठीला पाठ लावून बसली होती. पौलस मजुरीला गुजरातेत व्याऱ्याकडे गेला होता. रूपीबाईनं बसायला पाट दिला. सूप चालूच ठेवलं. मग म्हणाली, “बाई, शाळेतल्या गुरुजीनं पेपर वाचून दाखवला. आपली रूथ आहे त्यात, फोटो आहे.”

“हो,” कामिनी म्हणाली.

“त्यात लिहिलंय, शिकवणारी नको म्हणून.”

रूपीबाईनं सूप खाली ठेवलं आणि कामिनीकडे नीट बघितलं. “त्या दिवशी रूथ पडली असती, पाणी सांडलं असतं, तर ती बाई आली असती काय?”

हा प्रश्न कधीतरी येणार हे कामिनीला माहीत होतं. याचं उत्तर तिनं मनाशी कितीदा घोळवलं होतं. “नाही गं रूपीबाई. सरकारचं काम असं नसतं. त्यांचं आधीच ठरलेलं असतं. तुझं काही चुकलं नाही.”

रूपीबाई तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मग हळूच म्हणाली, “तू पण मला चांगलं तेवढंच दाखवतेस.”

पाखडलेल्या भाताचा कोंडा दोघींच्या पायांवर उडून बसला होता.

कुणीतरी आलंय हे पाठीला जाणवलं असेल, किंवा आईचं सूप थांबलं म्हणून असेल, रूथ वळली. तिनं चाचपत आईचा खांदा शोधला. मग हात वर उचलला, मूठ मिटली आणि बोटं खालच्या बाजूला एकदम उघडली. ही तिची घरची खूण होती. दिवा लाव.

कामिनीनं वर बघितलं. आंब्याच्या पानांतून सूर्य डोळ्यांवर येत होता. “हे कधीपासून?” तिनं विचारलं.

“भात पिकायला लागलं तेव्हापासून. रोज सांगते. सकाळी, दुपारी, कधी पण.” रूपीबाईनं पदरानं रूथच्या तोंडावरचा कोंडा पुसला. “तिला वाटतं, आम्ही दिवाच लावत नाही. चिडते माझ्यावर. डोळे गेले, हे तिला कसं सांगू मी? तुझ्याकडे आहे काय खूण?”

कामिनी पुढं सरकली. तिनं रूथचे दोन्ही हात घेतले. एक बोट रूथच्याच पापणीवर टेकवलं, मग तिचे तळवे एकमेकांवरून फिरवले: संपलं. डोळे, संपलं. पुन्हा एकदा, सावकाश. रूथनं हात सोडवून घेतले. तिच्या कपाळावर आठी पडली. क्षणभर ती थांबली, मग कामिनीचं मनगट चाचपून शोधलं, जणू हिला तरी समजेल अशी खात्री वाटली, आणि तिच्या हाताला लागेल अशी जवळ धरून तीच खूण पुन्हा केली. दिवा लाव.

“चल,” रूपीबाई तिला म्हणाली, तिला ऐकू येत नाही हे माहीत असून. ती उठली, मुलीचा हात धरला. जाता जाता कामिनीला म्हणाली, “तिचं बोट मी बटणावर ठेवते. दोघी मिळून दाबतो. बटण दाबलं ते तिला बोटाला कळतं. मग ती थांबून राहते.”

दोघी आत गेल्या. बटण दाबल्याचा आवाज बाहेर कामिनीला ऐकू आला. त्यानंतर बराच वेळ आतून कुणी बाहेर आलं नाही.